पितृपक्षात आणलेली डिस्क

आमच्या घरातला कॉम्प्युटर माझ्या नवऱ्यापेक्षा थोडासाच लहान आहे. घरात मान मात्र त्याला जास्त आहे.

सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, तो चौऱ्याण्णव साली दिल्लीहून आणला. ग्वाल्हेरपर्यंत पडदा नानांच्या मांडीवर होता आणि की-बोर्ड सासूबाईंच्या. अभिराम, म्हणजे माझा आताचा नवरा, तेव्हा जेमतेम बोलायला लागलेला, तो सामानावर बसून आला. हे तो अजून सांगतो.

नानांनी त्या कॉम्प्युटरवर स्वतः एक प्रोग्राम लिहिला. पत्रिका जुळवायचा. मुलाची जन्मवेळ टाकायची, मुलीची टाकायची, मग आतली हार्ड डिस्क बराच वेळ कर्र-कर्र करत राहते आणि पडद्यावर छत्तीसपैकी किती गुण जुळले ते येतं. लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांची लग्नं या कर्र-कर्रवर ठरली आहेत. आता हे काम फोनवर चुटकीसरशी होतं. तरी लोक आमच्या हरिशंकरपुरमपर्यंत रिक्षा करून येतात. फोन लगेच उत्तर देतो, म्हणून त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. नानांची मशीन वेळ घेते. वेळ घेते म्हणजे नीट बघत असणार.

आमचीही पत्रिका तिनेच पाहिली. लग्नाला अठरा गुण लागतात. आमचे साडेअठरा आले. वरचा अर्धा मशीनने आपल्या मनाने घातला असं आई, म्हणजे इंदुताई, माझ्या सासूबाई, आजही पाहुण्यांना सांगतात. माझ्यासमोरच सांगतात, म्हणजे वाईट हेतू नसावा.

माझं माहेर ग्वाल्हेरातलंच, थाटीपुरचं. तिथे बाबा खंडेनवमीला पणजोबांच्या तलवारीची पूजा करतात. एरवी ती तलवार कपाटावर असते आणि झुरळांचा स्प्रे तिच्याआड ठेवलेला असतो. सासरी आल्यावर पहिल्या खंडेनवमीला मी विचारलं, शस्त्र कुठे आहे? आईंनी ताम्हन माझ्या हातात दिलं आणि मला कॉम्प्युटरसमोर उभं केलं. त्याच्या डब्याला हळद-कुंकवाची बोटं लावायची, झेंडूचं फूल ठेवायचं, अक्षता वाहायच्या. पूजा झाली की नाना त्या प्रोग्रामची फ्लॉपीवर एक कॉपी करून ठेवायचे. मग पुरणपोळी.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे विहंग.

विहंग मार्चमध्ये झाला. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून पटणार नाही. घरातला धड चालणारा कूलर नानांच्या खोलीत होता, कारण मशीनला गरमी चालत नाही. म्हणून पाळणाही तिथेच गेला, कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून. नाना पत्रिका जुळवायचे, डिस्क कर्र-कर्र करायची, विहंग झोपायचा. मशीन बंद झाली की उठायचा. मी पाळण्याशी बसून त्याचं पोट वरखाली होतंय ना ते बघायची. तो झोपला की मला हे बघावं लागतं. जागा असला की दिसतच असतं.

माझी सहा महिन्यांची रजा सप्टेंबरात संपत होती. मी एका खासगी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिथे रजा वाढवून मागितली तर ते हसून हो म्हणतात आणि दुसरी बाई शोधतात. माझ्या आधीच्या बाईंचं तसंच झालं, त्यांच्याच जागी मी आले. तेव्हा ठरल्या सोमवारी मला रुजू होणं भाग होतं, आणि बाळ राहणार होतं नाना आणि आईंजवळ.

आईंची अट साधी होती.

"दुपारी झोपतोय तोवर सांभाळीन. जागं पोर कडेवर घेऊन फिरणं माझ्या गुडघ्यांना नाही जमणार, सोनिका. मग तुझी नोकरी की माझे गुडघे, ते तूच ठरव."

"झोपतो ना आई. चांगला झोपतो."

"झोपतोय, म्हणूनच हो म्हणाले."

त्यानंतर आठवड्याच्या आत डिस्क गेली.

गणपती तोंडावर होते. नाना कुणाचीतरी पत्रिका टाकून बसले होते, मी पाळण्याशी. नेहमीची कर्र-कर्र सुरू झाली आणि मध्येच तिचा सूर बदलला. कर्र, कर्र, टक्. जरा थांबून पुन्हा कर्र, कर्र, टक्. पडद्यावर इंग्रजीत आलं की डिस्क वाचता येत नाही. नानांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग डब्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

नया बाज़ारातल्या हेमेंद्रला बोलावलं. हेमेंद्र जुन्या मशीन दुरुस्त करतो. धर्मकाट्यांवर, म्हणजे ट्रक तोलतात तिथे, कापडाच्या पेढ्यांवर, लॅबमध्ये अजून असे कॉम्प्युटर चालतात ज्यांना नवीन काही समजत नाही, आणि ते बिघडले की हेमेंद्रशिवाय कोणी त्यांना हात लावत नाही. तो आला, डब्याचं झाकण उघडलं आणि आत बघत राहिला.

"काकू, ह्याच्यात तर पुलाव होईल."

आत तळाला तांदूळ होते. हळदीने पिवळे, कुंकवाने लाल, आणि झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या.

"तीस वर्षांच्या अक्षता आहेत त्या," आई म्हणाल्या. "हात धुतलेस का?"

हेमेंद्र जाऊन हात धुऊन आला. मग त्याने डिस्क बाहेर काढली, तिची डेटाची चौडी पट्टी काढून टाकली आणि नुसती विजेची पिन लावून ती टेबलावर ठेवली.

"नुसतं करंट देऊन बघतो, जीव आहे का."

कर्र, कर्र, टक्. त्याने कान लावला, मान हलवली. "काका, ही गेली. फिरतेय, पण वाचत नाही. हेड गेलं."

"म्हणजे स्मृती गेली," नाना म्हणाले.

"तेच समझा."

"नवीन बसव मग."

"नवीन डिस्क ही मशीन ओळखणारच नाही. पाचशे एमबीच्या वर हिला मोजताच येत नाही, आणि तेवढी छोटी आता बनत नाही. जुनी लावली तर ती पण चार महिन्यांत जाईल. मी कार्ड लावतो. कॅमेऱ्यात असायचं ना, तसं. हिला वाटेल डिस्कच आहे. ना फिरणं, ना घिसणं, ना आवाज. एकदम मख्खन."

ना आवाज. हे तो बोलला तेव्हा मी तिथेच होते. मी ऐकलंसुद्धा. पण तेव्हा माझं लक्ष विहंगच्या पोटाकडे होतं, कारण तो झोपलेला होता.

कार्ड बसलं. नानांच्या फ्लॉपीतून प्रोग्राम परत आला. नानांनी अडलेली पत्रिका टाकली आणि बोट उचलायच्या आत उत्तर आलं. सव्वीस.

नाना खुर्चीत मागे सरकले. "हे काय?"

"सव्वीस, काका. चांगले आहेत."

"चांगले आहेत रे, पण हिने पाहिले कधी?"

त्यांनी तीच पत्रिका परत टाकली. परत सव्वीस. त्यांनी डब्याला कान लावला. मग मशीन बंद करून चालू केली. हेमेंद्र म्हणाला, काका, चालूच होती. नाना म्हणाले, चालू असलेली गोष्ट कळते.

मग गणपती बसले. घरात इतकी माणसं येत होती की विहंग एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरत राहिला. दुपारी झोपत नव्हता, रडत होता. सगळे म्हणाले, गर्दीने होतं. मीही तेच म्हणाले. अनंत चतुर्दशीला गणपती गेले, घर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहंगला पाळण्यात घातलं, नानांनी मशीन लावली, आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो. विहंगही वाट बघत होता. त्याने मशीनकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग भोकाड पसरलं.

सोमवार एका आठवड्यावर आला होता.

आईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका बसला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती. विहंग जागाच. अभिराम गुरुग्रामला नोकरी करतो आणि शनिवारी घरी येतो. त्याने फोनवर एक ॲप पाठवलं. त्यात पावसाचा आवाज होता, पंख्याचा होता, समुद्राचा होता. विहंगने समुद्र कधी पाहिलेला नाही. त्याने तो ऐकून घेतला आणि रडला.

"जुन्या आवाजाचं रेकॉर्डिंग असेल ना तुझ्याकडे?" अभिराम म्हणाला. "रोज त्याचे व्हिडिओ काढतेस."

व्हिडिओ होते. झोपलेल्या विहंगचे, मागे डिस्क कर्र-कर्र करतेय असे. आम्ही ते लावून पाहिले. प्रत्येकात थोड्या वेळाने मी कुजबुजत होते, "झोपला, झोपला, बघा," आणि सगळ्यात लांब व्हिडिओच्या शेवटी आई आतून ओरडत होत्या, "चहा झालाय, कुणी घेणार का?" विहंग डोळे मिटत आणायचा आणि चहाला उठायचा.

गुरुवारी आईंनी गुडघ्याला तेल चोळता चोळता विषय काढला. मला तो येणार हे माहीत होतं. आई महत्त्वाचं बोलायच्या आधी तेल घेतात.

"सोनिका, तू जायलाच पाहिजेस असं आहे का?"

"आहे, आई."

"शिवाय पितृपक्ष लागलाय. पितृपक्षात कोण रुजू होतं?"

"नवीन काम सुरू करत नाहीत. माझं काम जुनं आहे."

"पोर नवीन आहे की," आई म्हणाल्या.

मी विहंगला घेऊन गच्चीवर गेले. तिथे फेऱ्या मारताना मला टेबलावरची डिस्क आठवली. हेमेंद्रने पट्टी काढलेली, नुसती पिन लावलेली. ती तेव्हा मेलेलीच होती. तिने काही वाचलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं, नुसती कर्र, कर्र, टक् करत होती. आणि विहंग पाळण्यात झोपला होता. त्याला ती जिवंत असायची गरज नव्हती.

मी जिन्यावरून इतक्या घाईने उतरले की आई उठून उभ्या राहिल्या. तेल न संपवता.

"आई, ती जुनी डिस्क कुठे आहे?"

"कुठली?"

"काढलेली. हेमेंद्रने इथेच ठेवली होती ना, टेबलाखाली."

"ती होय. ती विसर्जन केली."

नाना पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली केला.

"विसर्जन?" नाना म्हणाले.

"गणपतीबरोबर. सागरतालला. निर्माल्याच्या पिशवीत घालून दिली. इतकी वर्षं कुंकू लावलेली वस्तू, ती काय भंगारवाल्याला द्यायची? मूर्ती भंगली तर आपण काय करतो?"

"इंदू, ती डिस्क होती."

"मग इतकी वर्षं पूजा कशाची करत होतो? सांगा की."

नानांनी पेपर पुन्हा वर केला. मी रसायनशास्त्र शिकवते. निर्माल्यात ॲल्युमिनियम मोडत नाही हे मला माहीत आहे. पण ती वेळ नव्हती.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आवाजासाठी डिस्क जिवंत लागत नाही. मेलेली, पण फिरणारी लागते. नानांना लगेच पटलं, जरा जास्तच पटलं. आवाजाविना त्यांचंही चाललेलं नव्हतं. रोज मशीन दहा वेळा बंद-चालू करत होते. आईंना फक्त एक अडचण होती.

"पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणत नाहीत."

"नवीन नाहीये आई. जुनी आहे. आणि मेलेली आहे."

आईंनी विचार केला. "मेलेली चालेल," त्या म्हणाल्या. "त्यांचाच पंधरवडा आहे."

शुक्रवारी दुपारी, विहंगच्या झोपेच्या वेळेला, मी, नाना आणि विहंग नया बाज़ारात गेलो. हेमेंद्रचं दुकान म्हणजे समोर एक काउंटर आणि मागे जुन्या मशीनचे ढीग. मी त्याला काय हवं ते सांगितलं. त्याने ते दोनदा विचारून घेतलं.

"वहिनी, म्हणजे तुम्हाला खराबवाली पाहिजे."

"खराब, पण फिरणारी. तसाच आवाज करणारी."

"आणि ती काही करणार नाही."

"काही नाही. फक्त आवाज."

हेमेंद्रने नानांकडे पाहिलं. नानांनी गंभीरपणे मान हलवली. मग त्याने मागून एक बोरी, म्हणजे पोतं, ओढत आणली. तांदळाचीच होती. आत डिस्का होत्या, कुठल्या कुठल्या पेढ्यांवरून काढलेल्या.

"लोक ठीक करायला देतात, मग घ्यायला येत नाहीत," तो म्हणाला. "मी टाकत पण नाही. काय माहीत कोण कधी येईल."

त्याने काउंटरवर विजेचा एक उघडा डबा ठेवला आणि एकेक डिस्क जोडायला सुरुवात केली. मी विहंगला खांद्यावर घेऊन स्टुलावर बसले. नानांनी डोळे मिटून घेतले, गाण्याच्या बैठकीत मिटतात तसे.

पहिली डासासारखी वाजली. विहंगने मान वळवून तिच्याकडे बघितलं, बरं नाही अशा नजरेने.

"नेक्स्ट," हेमेंद्र म्हणाला.

दुसरी मिक्सरसारखी. विहंग रडायला लागला. तिसरीने टक्, टक्, टक् केलं आणि गप्प झाली.

"हिला काय झालं?" मी विचारलं.

"हार मानली. काही असतात अशा. थोडी कोशिश करतात, मग सोडून देतात."

"मला सोडून देणारी नको."

"समजलं."

एक गिऱ्हाईक माउस घ्यायला आलं. हेमेंद्र हळू आवाजात म्हणाला, "भैया, दो मिनट, बच्चे का चल रहा है." त्या माणसाने काय चाललंय ते विचारलं नाही. पण गेलाही नाही, भिंतीला टेकून उभा राहिला.

त्यानंतरच्या एकीची घरघर चांगली होती, पण मध्ये टक् नव्हतं. नाना डोळे न उघडता म्हणाले, "हिला सम नाही." पुढच्या दोघी फिरल्याच नाहीत. मला बोरीचा तळ दिसायला लागला होता. सोमवार आणि बोरीचा तळ एकत्र दिसत होते. विहंग माझ्या ओढणीचं टोक चावून रडत होता आणि मी मनात कॉलेजला पाठवायचा मेसेज लिहीत होते. आदरणीय सर, घरगुती कारणास्तव.

मग हेमेंद्रने एक जाड, गंजके स्क्रू असलेली डिस्क जोडली.

कर्र, कर्र, टक्. जरा थांबून, कर्र, कर्र, टक्.

नानांनी डोळे उघडले. विहंगने मिटले.

कुणी हललं नाही. माउसवाला माणूस हाताची घडी घालून उभा होता, तोही हलला नाही. विहंगचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं, ओढणीचं टोक तोंडातून सुटलं. मी त्याची पाठ बघितली. वर, खाली. वर, खाली. हेमेंद्रने बटणाकडे हात नेला.

"हात नका लावू," मी म्हणाले.

"वहिनी, दुकान..."

"चालू द्या."

विहंगची झोप पूर्ण होईपर्यंत आम्ही दुकानात बसलो. गिऱ्हाइकं येत होती, कुजबुजत सामान मागत होती आणि चपला न वाजवता जात होती. नाना माउसवाल्याला हळू आवाजात त्याच्या मुलीची जन्मवेळ विचारत होते.

विहंग उठल्यावर मी विचारलं, "ही किती दिवस चालेल?"

"वहिनी, मेलेल्या डिस्कची गॅरंटी मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"अंदाजे तरी."

"जिवंत असती तर सांगितलं असतं कधी मरेल. हिचं काय सांगू?"

मी बोरी पूर्ण रिकामी करायला लावली. तळाशी आणखी एक निघाली, जवळपास तसल्याच आवाजाची. तीही घेतली.

संध्याकाळी हेमेंद्रने घरी येऊन विहंगला झोपवणारी डिस्क मशीनमध्ये बसवली. काम करायला कार्ड, आवाज करायला डिस्क. चौडी पट्टी कार्डाला, नुसती वीज डिस्कला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्याने आतले तांदूळ काढायचे का विचारलं. आई म्हणाल्या, राहू दे, त्यांनी कुणाचं काय बिघडवलंय.

शनिवारी दुपारी परीक्षा होती. अभिराम आला होता, त्याला मी बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं. आई दारात खुर्ची घेऊन बसल्या.

"पण पितृपक्षात तुम्ही पत्रिका जुळवत नाही," आई नानांना म्हणाल्या. "मशीन लावून करणार काय?"

"लग्न व्हायचं असेल तर नाही जुळवत. झालेल्या लग्नाला पितृपक्ष नसतो."

"कुणाचं झालेलं?"

"आपलं. कधी पाहिलंच नाही. आपल्या वेळी मशीन कुठे होती?"

आईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. नानांनी दोघांच्या जन्मवेळा टाकल्या आणि बटण दाबलं. डिस्क वाजत होती. कर्र, कर्र, टक्. विहंग पाळण्यात अंगठा शोधत होता, त्याला तो सापडला, डोळे मिटत आले.

"किती आले?" आईंनी विचारलं.

मी नानांच्या मागे पाळण्याशी होते, मला पडदा दिसत होता. पडद्यावर अकरा आले होते. केव्हाच.

नानांनी पडदा थोडा आपल्याकडे वळवला. "बघतीय अजून," ते म्हणाले. "ऐकू येतंय ना?"

कर्र, कर्र, टक्.

"इतका वेळ?"

"मोठं लग्न आहे, इंदू. वेळ लागणारच."

आई ऐकत बसल्या. मग त्या विहंगकडे बघायला लागल्या. तो गाढ झोपला होता. मी पोट बघितलं, आईंनीही बघितलं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ गेला.

"अजून विचार करतीय?" आई हळूच म्हणाल्या.

"अजून."

"तुमच्यावर गेलीय." आई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दारात थांबून मला म्हणाल्या, "सोमवारी डब्याला काय देऊ? पितृपक्षात कांदा घालणार नाही, आधीच सांगते."

सोमवारी मी रुजू झाले. रजिस्टरवर सही केली, प्रयोगशाळेच्या किल्ल्या घेतल्या. माझा तास तिसरा होता, दुपारचा. झोपेच्या वेळेला मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून घरी फोन लावला.

"नाना, झोपला?"

"झोपला."

"नक्की? श्वास बघितला?"

"तूच ऐक," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन कुठेतरी ठेवला. पाळण्याजवळ ठेवला असावा, किंवा डब्यावर. कर्र, कर्र, टक्. जरा थांबून, कर्र, कर्र, टक्. मी विहंगचा श्वास ऐकायचा प्रयत्न केला. दोन टक्च्या मधल्या जागेत तो असायला हवा होता. तिथे काहीतरी होतं. नीट ऐकू यावं म्हणून मी फोन टेबलावर ठेवला, त्यावर कान टेकला आणि डोळे मिटले.

कर्र, कर्र, टक्.

मार्चपासून मीही त्याच पाळण्याशी, त्याच आवाजात बसत आले आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तिसऱ्या तासाची घंटा मला ऐकू आली नाही.